शेजारी ठेवलेली दोन खोकी

काका,

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. दहाव्याला रामघाटावर तुमच्या ओळखीचे कितीतरी लोक आले होते आणि जो तो एकच सांगत होता, माणूस शांत होता, आयुष्यात कुणाशी वाद घातला नाही. मी पायरीवर उभी राहून ऐकत होते आणि मला कळेना, हे नक्की कोणाबद्दल बोलताहेत. माझ्याशी तुम्ही चार वर्षं भांडलात. रॅकच्या उंचीवरून भांडलात, दोन रॅकमधल्या वाटेवरून भांडलात, आणि परत आलेल्या मालाचं टेबल कुठे ठेवायचं यावरून तर आठ दिवस माझ्याशी हिंदीत बोलत होतात. राग आला की तुमचं मराठी बंद व्हायचं. "आप इंजीनियर हैं, आप देख लीजिए," असं म्हणून तुम्ही चष्मा खिशात टाकायचात. 'आप' ऐकलं की मला समजायचं, आज काही खरं नाही.

आपली घरं माधव नगरात समोरासमोर. बाबा आणि तुम्ही शाळेत एका बाकावर बसायचात, म्हणून तुम्ही माझे काका. फ्रीगंजमधल्या एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचं गोदाम तुम्ही तीसेक वर्षं सांभाळलंत. लहानपणी मला वाटायचं तुम्ही डॉक्टर आहात, कारण तुमच्या कपड्यांना दवाखान्यासारखा वास यायचा आणि गल्लीत कुणालाही ताप आला की लोक तुमच्याकडे यायचे. तुम्ही हात जोडायचात. "औषध कुठे ठेवलंय ते मी सांगू शकतो. कशावर घ्यायचं ते नाही."

मला हे काम तुमच्यामुळेच मिळालं, हे मी किती जणांना सांगितलं असेल? फारच थोड्यांना. शिकून, पुण्यात दोन वर्षं नोकरी करून मी परत आले तेव्हा तुमचे मालक, सेठजी, देवास रोडला गोदामासाठी नवीन शेड बांधत होते. तुम्ही मला त्यांच्यापुढे उभं केलंत. "ये हमारी बिटिया है. गोदाम का नक्शा बनाती है." सेठजी हसले. गोदामाचा कसला नक्शा, चार भिंती, एक दार. तुम्ही म्हणालात, "सेठजी, एक महीना दीजिए इसको." तोवर तुम्ही माझं एकही काम पाहिलेलं नव्हतं.

त्या महिन्यातले पहिले तीन दिवस मी वही घेऊन जुन्या गोदामात तुमच्या मागे फिरले. टावर चौकामागच्या गल्लीतली ती तीन मजली इमारत, अरुंद लाकडी जिना, आणि तुम्ही बिल हातात घेऊन वरखाली, वरखाली. तुम्ही जाल तिकडे मी कागदावर रेघ ओढत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कागद तुम्हाला दाखवला. मांजरीने लोकरीचा गुंडा विस्कटून टाकावा तसं दिसत होतं. तुम्ही खिशातून चष्मा काढून लावलात.

"हा मी?"

"हो. एका दिवसाचे तुम्ही. इथून रामघाटाला दोनदा जाऊन याल एवढं चालता."

"मग पाय दुखतात ते बरोबरच आहे गं," तुम्ही म्हणालात, आणि इक्बालभाईंना हाक मारून तो कागद दाखवलात. इक्बालभाई तुमच्या हाताखाली वीस वर्षं. माल काढायचे, पेटीत भरायचे. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, "साहब, इसमें मैं कहाँ हूँ?" मी फक्त तुमचीच रेघ काढली होती. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

नवीन शेडचा विचार मी कॉलेजात शिकले तसाच केला होता. माल एका दाराने आत येईल, तपासला जाईल, मागे साठवला जाईल, तिथून पुढच्या रॅकवर, पॅकिंगच्या टेबलावर आणि शेजारच्याच दाराने बाहेर. कुठेही उलटा प्रवास नाही. जे दिवसभर लागतं ते टेबलाजवळ, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर. जड बाटल्या खाली. महिन्यातून एकदा लागणारं लांब. हे सगळं तुम्हाला पटलं होतं. तुम्हाला पटत नव्हता तो माझा कागद. "कागदावर सगळं मावतं," तुम्ही म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी काकूंचा रांगोळीचा डबा घेऊन आलात.

ती सकाळ मला आयुष्यभर पुरेल, काका. रिकामी शेड, पत्र्यावर कबुतरं, आणि आपण तिघं जमिनीवर पूर्ण मापाचं गोदाम काढतोय. मी टेप धरलेली, इक्बालभाईंनी दुसरं टोक, आणि तुम्ही गुडघ्यावर बसून रांगोळीची रेघ ओढताय. मग तुम्ही रिकामी खोकी मांडलीत, मला ढकलगाडी घेऊन पलीकडून यायला सांगितलंत आणि इक्बालभाईंना म्हणालात, "नीचे वाले खाने से माल निकालो." इक्बालभाई उकिडवे बसले. माझी गाडी त्यांच्या पाठीला लागली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि मी मुकाट्याने रेघ पुसून वाट हातभर रुंद केली. मी दोन गाड्यांची रुंदी मोजली होती. माणूस खाली बसतो, हे मोजलं नव्हतं.

परत आलेल्या मालाचं टेबल मी मागच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. तुम्हाला ते दाराशीच हवं होतं. मुदत संपलेली औषधं चांगल्या मालामधून न्यायचीच कशाला, एखादं पाकीट वाटेत राहिलं म्हणजे? मी म्हटलं, दाराशी जागा महाग आहे. त्यावरून ते आठ दिवसांचं हिंदी. शेवटी मी हरले, आणि आज मान्य करते, हरायलाच हवं होतं.

पण एक भांडण मी जिंकले. त्याबद्दलच लिहायला बसले आहे आणि एवढा वेळ बाकीचंच सांगतेय.

तुम्हाला आठवत असेल. दुपारचा चहा चालला होता, नक्शा पेटीवर पसरलेला, इक्बालभाई शेजारी बसलेले. पॅकिंगच्या टेबलाशेजारच्या रॅकवर काय काय राहील त्याची नावं मी लिहिली होती. तुम्ही दोन नावांवर बोट ठेवलंत. एक पित्ताची गोळी, एक रक्तातली साखर उतरवणारी. कंपनी एक, खोकं निळं, नावात एका अक्षराचा फरक.

"ही दोन इथे नको. जुळी आहेत. जुळ्यांना एका बाकावर बसवायचं नाही."

जुन्या गोदामात एक पहिल्या मजल्यावर होती, एक तिसऱ्या. मला तेव्हा तो निव्वळ पसारा वाटला होता.

"काका, दोन्ही दिवसभर लागतात. एक लांब टाकलं की माणूस प्रत्येक वेळी तिथवर चालणार."

"चालू दे."

"मग नवीन गोदाम बांधायचंच कशाला? आणि खोक्यावर नाव छापलेलं आहे. वाचता येतं सगळ्यांना."

तुम्ही काही बोलला नाहीत. हिंदीतही नाही. तुम्ही इक्बालभाईंकडे पाहिलंत आणि इक्बालभाई चहाच्या पेल्यात बघत होते. मला वाटलं, मुद्दा पटला. इक्बालभाई खोकी रंगावरून आणि जागेवरून ओळखतात, इंग्रजी अक्षरं त्यांना सावकाश, एकेक जुळवून वाचावी लागतात, हे मला फार नंतर कळलं. तुम्हाला वीस वर्षं माहीत होतं, आणि त्यांच्यासमोर ते बोलणं तुम्हाला शक्य नव्हतं.

शेड सुरू झाली. काम खरंच वेगात व्हायला लागलं. पूर्वी संध्याकाळी निघणाऱ्या गाड्या दुपारी निघायला लागल्या. सेठजी पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझ्याकडे बोट दाखवायचे. त्याच वर्षी थंडीत एका सकाळी बडनगरकडच्या एका गावातून दुकानदाराचा फोन आला. एक निवृत्त शिक्षिका, पित्तासाठी गोळी घेणाऱ्या, चक्कर येऊन अंगणात पडल्या होत्या. सून घरात होती, तिने साखरेचं पाणी पाजलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाकीट मागवून पाहिलं तर ती साखरेची गोळी निघाली. दुकानदारानेही न वाचताच दिली होती. पण त्याच्याकडे खोकं गेलं होतं ते आपल्याकडून.

मी म्हटलं, मी जाते. तुम्ही म्हणालात, "तू इथली खोकी बघ. अजून कुठे गेली असतील ते शोध. फोन लाव सगळ्यांना." आणि तुम्ही बसने निघून गेलात. मी आणि इक्बालभाईंनी दुपारपर्यंत दुकानांना फोन केले. आणखी दोन ठिकाणी तसंच खोकं गेलं होतं. सुदैवाने एकही अजून उघडलं गेलं नव्हतं.

संध्याकाळी तुम्ही परत आलात तेव्हा दमलेले होतात, पण चेहरा जरा मोकळा होता. बाई बऱ्या होत्या. मनगट मोडलं होतं, बाकी ठीक. तुम्ही त्यांच्या खाटेशेजारी बसून माफी मागितलीत, तर त्यांनी दोन्ही पाकिटं मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, एका अक्षराचे मी मुलांचे मार्क कापायचे, तुमचे किती कापू? हे मला सांगताना तुम्ही हसलात.

दुसऱ्या दिवशी सेठजींच्या केबिनमध्ये आपण तिघं उभे होतो. सेठजी ओरडणारे नव्हेत. त्यांनी फक्त विचारलं, "किससे हुआ?"

इक्बालभाईंनी तोंड उघडलं. तुम्ही त्यांच्या आधी बोललात. "माल लगवाया मैंने, चेकिंग मेरी थी. मुझसे चूक हुई."

माझ्या हातात तोच नक्शा होता. तुम्ही बोट ठेवलं होतं ती दोन नावं मला दिसत होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की, सेठजी, यांनी मला बजावलं होतं, मी ऐकलं नाही. तेवढ्याला कितीसा वेळ लागला असता? सेठजींनी माझ्याकडे पाहिलं देखील. मी नक्शाची गुंडाळी करत राहिले.

सेठजींनी तुम्हाला काढलं नाही. किल्ल्या मात्र घेतल्या. "अब आप आराम से बैठिए, वापसी का काम देखिए." परत आलेल्या मालाचं टेबल. तुमच्याच हट्टाने ते दाराशी आलं होतं, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण तुम्हाला तिथे बसलेलं बघायचा. ज्या माणसाच्या मागे तीस वर्षं सगळं गोदाम चालत होतं, तो मुदत संपलेली पाकिटं मोजत बसलेला. इक्बालभाई रोज दुपारी आपला डबा घेऊन तुमच्याशेजारी येऊन बसायचे. मी माझ्या खोलीत जेवायचे.

पुढच्याच रविवारी मी तुमच्या घरी आले होते. म्हटलं, काका, सगळी जुळी सांगा. तुम्ही खुर्चीत डोळे मिटून बसलात आणि सांगत गेलात. हे आणि ते, नाव सारखं. हे आणि ते, रंग सारखा. ही दोन ऐकायला सारखी, फोनवर घोळ होतो. काकूंनी दोनदा चहा केला तरी यादी संपेना. तीस वर्षांत तुम्ही यातलं काहीच कुठे लिहिलं नव्हतं, जुन्या इमारतीतल्या जागांमध्येच ते सगळं होतं. आणि मी ती इमारत 'पसारा' म्हणून रिकामी केली होती. त्या दिवशी तुम्ही एकदा जरी म्हणाला असतात, 'मी सांगितलं होतं ना?', तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही म्हणालात, "हे लिहून घेतलंस ते बरं केलंस. माझ्या डोक्यात कुठवर राहणार?"

त्या यादीवरून मी सगळी मांडणी बदलली. जुळी एकमेकांपासून लांब, मध्ये निदान एक वाट. लोकांना थोडं जास्त चालावं लागतं, पण तसं खोकं पुन्हा गेलेलं नाही. बदललेल्या नक्शावर खाली माझं नाव आहे. इंदूरहून, देवासहून लोक बघायला येतात. मी त्यांना समजावते, वेग ठीक आहे, पण आधी चूक होऊ नये म्हणून मांडणी करायची, वेगाचा विचार नंतर. हे मी दाराजवळ उभी राहून सांगायचे आणि तुम्ही दहा पावलांवर बसलेले असायचात. एकदा पाहुणे गेल्यावर तुम्ही म्हणालात, "छान समजावतेस गं तू." मी त्यात टोमणा शोधला. रात्रभर शोधला. नव्हताच.

तुम्हाला न्यूमोनिया झाला, दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी ठरवून आले होते की आज बोलायचं. तुमच्या नाकाला नळी होती. मी बसले आणि तुम्हीच सुरुवात केलीत, "आपल्या गोदामातल्या थंड खोलीचं दार अजून आतल्या बाजूलाच उघडतं?" मी म्हटलं, हो. "बदल ते. आत माणूस आणि हातात पेटी असली की पंचाईत होते." मग आपण त्या दाराबद्दल बोललो. बिजागऱ्या, पट्टी, सरकतं दार बरं की साधं. तुम्ही दमलात. मी म्हटलं, उद्या येते, मग बोलू. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधीच बाबांचा फोन आला.

दार बदललं, काका. बाहेर उघडतं आता. पण मला जे बोलायचं होतं ते दाराबद्दल नव्हतं.

तेराव्यानंतर मी काकूंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, "मला माहीत आहे. त्याच दिवशी सांगितलं त्यांनी." मी विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाले? काकू म्हणाल्या, "तुझ्याबद्दल नाही. स्वतःबद्दल म्हणाले. म्हणे, मृदुलाला मी एकदाच सांगितलं, दोनदा सांगायला पाहिजे होतं. ती हुशार आहे, या भ्रमात राहिलो. आणि म्हणे, खोकं माझ्याही नजरेखालून गेलं होतं."

हे मला मुळीच पटत नाही, काका. तुमच्याशी भांडायचं आहे ते यावरून. तुम्ही इक्बालभाईंना वाचवलंत, ते मला समजतं. मला वाचवलंत, तेही समजतं. पण ती चूक तुम्ही मनापासून स्वतःची समजलात, हे मी कसं मान्य करू? एकदा सांगितलेलं पुरायला हवं होतं. तीस वर्षं काम केलेल्या माणसाने एकदा सांगितलेलं पुरेसं असतं. तुम्ही इथे असतात तर म्हणाला असतात, आप इंजीनियर हैं, आप देख लीजिए. मी देखलं. चूक माझी होती.

सोमवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना पॅकिंगच्या टेबलाशी बोलावलं. सेठजीही आले. मी हिंदीत सांगितलं, म्हणजे कुणाला कळायचं राहायला नको. त्या दोन औषधांबद्दल साहेबांनी मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि केबिनमध्ये ते बोलले तेव्हा मी गप्प बसले. ही जी मांडणी बघायला लोक येतात, ती त्यांची आहे. सेठजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "उस दिन बोल देतीं," एवढंच म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. दुपारी त्यांनी मला बोलावून विचारलं की नक्शावर तुमचं नाव कसं लिहायचं, पुढे साहेब लावायचं की जी. मी म्हटलं, नुसतं नाव. त्यांना तसंच आवडलं असतं. बरोबर ना, काका?

सगळे पांगल्यावर इक्बालभाई मागे थांबले. मला वाटलं, काही चांगलं म्हणतील.

"अब बोल रही हैं, मैडम? मैं तो तीन साल से राह देख रहा था."

त्या दोन नावांवरून आपलं बोलणं झालं त्या चहाच्या वेळी ते शेजारीच बसलेले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तीन वर्षं ते रोज तुमच्याशेजारी जेवत होते आणि रोज माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटायचं त्यांना काही ठाऊक नाही.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी एका नव्या कंपनीचा माल आला. इक्बालभाई एक खोकं घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. "इसको कहाँ रखना है?"

माझ्यासमोर संगणकावर त्या खोक्याची जागा आधीच ठरवलेली होती. मी खुर्चीतून उठले आणि बाहेर आले.

"आप बताइए, इक्बालभाई. आपके हिसाब से कहाँ ठीक रहेगा?"

त्यांनी माझ्याकडे बघून घेतलं, मी खरंच विचारतेय का ते. मग खोकं टेबलावर ठेवलं, फिरवून चारी बाजूंनी दाखवलं, आणि सांगायला लागले. याचा रंग कुणासारखा, हे हातात धरल्यावर कुठल्या खोक्यासारखं लागतं, घाईत हात कुठे जाईल. त्यांचं बोलणं संपायला बराच वेळ लागला. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही.

तुमची,
मृदुला